रांगेत उरलेली

लोरेन जीन्स घालून आली होती, आणि ते पाहून हेझल अ‍ॅक्रॉइडला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. हॅदरशॉच्या जुन्या स्टेशनावर त्या शनिवारी, दरवर्षीच्या सोहळ्यापुरतं, एकोणीसशे एकोणचाळीस साल लागलं होतं. झाडून सगळ्यांनी लांब कोट, टोप्या, जाड मोजे चढवले होते आणि ऑगस्टच्या उन्हात घाम पुसत का होईना, पण लढाईला तोंड फोडलं होतं. त्यात ही बाई निळी जीन्स नि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उभी. टॅमसिननं सांगितलं नव्हतं का, असं हेझलनं अगदी गोड आवाजात विचारलं. सांगितलं होतं, पण तसले कपडे आपल्याकडे नाहीत आणि भाड्यानं आणायचा संकोच वाटला, असं लोरेन म्हणाली. असू दे, असू दे, बघ्यांना सगळं चालतं, हेझल म्हणाली. 'बघ्यांना' हा शब्द तिनं जरा दाबूनच म्हटला.

टॅमसिन हेझलची मुलगी. अकरा आठवड्यांची असताना हेझलनं आणि तिच्या नवऱ्यानं, डेरिकनं, तिला दत्तक घेतलं होतं, आणि आता ती एकतीस वर्षांची होती. डेरिक जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि ही लोरेन म्हणजे टॅमसिनला जन्म देणारी. गेल्या हिवाळ्यात टॅमसिननं कागदपत्रं काढून, पत्रं लिहून तिला शोधलं होतं. शोधण्याआधी तिनं हेझलची परवानगी मागितली होती, आणि हेझलनं ती हसत हसत दिली होती. नाही कशी म्हणणार? शहाणी माणसं नाही म्हणत नाहीत. पण परवानगी दिल्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं होतं ते कुठल्या औषधानं राहत नव्हतं.

तशी लोरेन वाईट नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. वाईट असती तर सोपं झालं असतं. सत्तेचाळीस वर्षांची, ब्रॅडफर्डला एका दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बसणारी, कमी बोलणारी बाई. ती हसताना हात तोंडावर न्यायची, टॅमसिनही न्यायची. ती बटाट्याच्या काचऱ्यांवर व्हिनेगर इतकं ओतायची की खाली तळं साचावं, आणि टॅमसिनचंही तेच. लहानपणी ह्या सवयीवरून हेझलनं टॅमसिनला किती रागावलं होतं. 'कुणाचं उचललंस हे?' असं ती विचारायची. आता कुणाचं ते समोर बसून खात होतं.

सकाळी दहाला तिघी स्टेशनावर पोचल्या तेव्हा स्टेशनमास्तरच्या वेषातला नॉर्मन पुढं आला. तो हा सगळा सोहळा चालवायचा आणि टॅमसिनला सात वर्षांची असल्यापासून ओळखायचा. त्यानं एकदा टॅमसिनकडे पाहिलं, एकदा लोरेनकडे, आणि म्हणाला की दोघी एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहेत, मावशी का? टॅमसिन हसली, हात तोंडावर नेऊन. लोरेनही हसली, हात तोंडावर नेऊन. हेझल हसली नाही. तिनं आपली हिरवी टोपी नीट केली नि नॉर्मनला सांगितलं की तुझ्या पट्ट्याचं बक्कल चुकीच्या सालातलं आहे. बिचारा नॉर्मन दिवसभर ते बक्कल कोटाखाली झाकत फिरला.

हॅदरशॉच्या त्या दिवशी बघण्यासारखं खूप असायचं, पण लोक यायचे ते साडेअकराच्या खेळाला. चर्चशेजारच्या सभागृहात तो व्हायचा. दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा बॉम्बच्या भीतीनं शहरातली पोरं आईबापांविना गाडीत बसवून अशाच गावांत पाठवली होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याचा खोका. त्यांना सभागृहात रांगेनं उभं करायचे, आणि गावातल्या बाया येऊन 'मी ही घेते', 'मला तो द्या' असं म्हणत निवडून न्यायच्या. तेच इथं करून दाखवायचे. पोरं एखाद्या शाळेची असायची, आणि गावकरी म्हणजे बघायला आलेले लोकच. ज्याला पोर हवं त्यानं हात वर करायचा. मग कागद घेऊन उभी असलेली अधिकारीण त्याला तीन प्रश्न विचारायची: पलंग आहे का, दोन वेळचं खायला घालाल का, दर आठवड्याला घरी पत्र लिहायला लावाल का. तिन्हींना हो म्हटलं की पोर त्याचं.

ती अधिकारीण गेली चोवीस वर्षं हेझल होती. आणि खेळाचा शेवटही तिचाच होता. पहिल्या वर्षी एक पोर जास्त झालं आणि एकटी टॅमसिन रांगेत उरली. सात वर्षांची, मोजे गळालेले. कुणी हात वर केला नाही. हेझलनं कागदात पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पेन खिशात ठेवून म्हणाली, 'चल पोरी, तू माझ्याकडे.' अर्धं सभागृह रडलं. नॉर्मन म्हणाला की हे दर वर्षी ठेवायचं. तेव्हापासून लोकांना आधीच सांगून ठेवायचे की टॅमसिनसाठी हात वर करू नका, ती शेवटची. हेझल त्या जागी मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची, लोकांचे रुमाल निघेपर्यंत. तेरा वर्षांची होईपर्यंत टॅमसिन उभी राहिली, पुढं दुसरी पोरं उरायला लागली. पण हेझलच्या लेखी तो खेळ तिचा आणि टॅमसिनचाच होता. पोटच्या पोराला काय, कुणीही घरी नेतं. आपण आपल्या पोरीला सात वेळा चारशे माणसांदेखत निवडून घेतलंय, असं तिला वाटायचं. आज हे लोरेननं पाहावं, अशी तिची फार इच्छा होती. किंबहुना त्यासाठीच तिनं तिला बोलावलं होतं.

सव्वाअकराला निरोप आला की शाळेची बस डोंगराखालीच बंद पडलीय. हाताशी पोरं होती चारच, तीही चहावाल्या बायांची नातवंडं. चारांत खेळ कसला होणार? नॉर्मननं डोकं धरलं, मग त्याची नजर टॅमसिनवर गेली. टॅमसिन आधी नको म्हणाली. हेझल तिच्या मागं लागली: जुन्या आठवणीसाठी, लोक हसतील, मजा येईल, लोरेनलाही बघायला मिळेल. टॅमसिननं एकदा आईकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. तिच्या गळ्यात चिठ्ठी हेझलनं स्वतः अडकवली, इतकी ती खुशीत होती. घाईगडबडीत एक गोष्ट मात्र राहून गेली. शेवटच्या पोरासाठी हात वर करायचा नाही, हे लोकांना सांगायला कुणालाच सुचलं नाही. नॉर्मनला वाटलं हेझलनं सांगितलं, हेझलला वाटलं नॉर्मननं.

खेळ सुरू झाला. चार पोरं पटापट गेली. एकतीस वर्षांची टॅमसिन गुडघे जरासे वाकवून, ओठ काढून उभी, लोक खदखदून हसत होते. मग ती एकटी उरली तशी हसू ओसरलं. हेझलनं कागदात मान घातली आणि मोजायला लागली. तीनपर्यंत पोचली असेल नसेल, तोच तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"मी नेते हिला."

लोरेन उभी होती. हात वर, जीन्समध्ये, चेहरा लालबुंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही माझी जागा आहे, असं ओरडावंसं हेझलला वाटलं. पण चारशे माणसं बघत होती, आणि चोवीस वर्षांची सवय होती. तिनं कागद सरळ धरून पहिला प्रश्न विचारला. पलंग आहे का? आहे, लोरेन म्हणाली, मागच्या खोलीत, खिडकीखाली. खरंच होता म्हणे. गेल्याच महिन्यात आणलेला. टॅमसिनला ते ठाऊक होतं, हेझलला नव्हतं. दोन वेळचं खायला घालाल? घालीन. पत्र लिहायला लावाल, घरी? लोरेन जरा अडखळली, मग म्हणाली, लावीन, दर रविवारी, तिच्या आईला.

तिथं थांबायला हवं होतं. तीनच प्रश्न होते. पण त्या 'तिच्या आईला'नं हेझलच्या अंगाचा तिळपापड झाला. मला माझीच पोर ही पत्रानं देणार, आणि वर मोठेपणा तिचा. तिच्या तोंडून निघून गेलं:

"आणि बाई, जड झाली की परत नाही ना पाठवणार? मागच्या खेपेसारखी?"

लोक हसले. त्यांना तो खेळातलाच विनोद वाटला. टॅमसिनचे वाकवलेले गुडघे सरळ झाले. लोरेननं वर केलेला हात हळूच खाली घेतला. ती इतकं हळू बोलली की मागच्या लोकांनी माना पुढं काढल्या.

"सोळा वर्षांची होते मी. तेव्हा मला कुणी एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता. पलंग आहे का, एवढासुद्धा."

त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसला हेझलच्या रुमालवाल्या शेवटाला चोवीस वर्षांत कधी झाला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. बाई काय काम करते, असं कुणी म्हणालं. टॅमसिन रांगेतून निघाली, सरळ चालत गेली आणि लोरेनचा हात धरून दारातून बाहेर पडली. मंचावर उरली हेझल, हातात कागद घेऊन. शेवटी नॉर्मननंच शिट्टी वाजवली.

पुढचा तासभर हेझल चहाच्या तंबूत बसून होती. समोरचा चहा गार झाला, पावात घातलेलं डब्यातलं मटण वाळून गेलं. आपण वाईट बोललो हे तिला कळत होतं. पण त्याहून जास्त तिला हे खात होतं की त्या बाईला टाळ्या मिळाल्या. नऊ महिने काही न करता पोर पोटात वाढवली, आणि आज एक हात वर केला; बस्स. आणि आपण? गोवराच्या रात्री, गणिताच्या ट्यूशनी, डेरिकच्या मोटारीच्या मागच्या सीटवर दर रविवारी होणाऱ्या ओकाऱ्या. ते कुठल्या मंचावर दाखवायचं? माफी मागू, असं तिनं ठरवलं, आणि ठरवता ठरवताच लोरेननंही जरा मागावी असं तिला वाटलं.

टॅमसिन एकटीच आली. चिठ्ठी अजून गळ्यात होती. लोरेन स्टेशनाच्या बायकांच्या खोलीत तोंड धूत होती म्हणे. हेझलनं लगेच बोलायला सुरुवात केली की माझं चुकलं, तोंडातून गेलं, पण तिनंही बघ ना, आपली जागा होती ती, आपल्या दोघींची, तिनं मध्येच.

"आपली नाही, तुझी," टॅमसिन म्हणाली. "मला ती कधीच आवडली नाही, आई."

हेझलला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, अगं, मी तुला घ्यायचे ना शेवटी, दर वेळी. लोक रडायचे.

"हो, घ्यायचीस. उरले म्हणून." टॅमसिननं खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. "सगळ्यांना सांगून ठेवायचीस ना, हिला कुणी घेऊ नका म्हणून. मग कागदात बघत बसायचीस. मी तेवढा वेळ तुझ्या बुटांकडे बघायचे. दर वर्षी मला वाटायचं, ह्या वेळी ही विसरली तर? सात वर्षांची होते मी. मला ठाऊक होतं मी दत्तक आहे ते."

हे कधी बोलली का नाहीस, एवढंच हेझलनं विचारलं. टॅमसिन म्हणाली की तू इतकी खूश असायचीस, कसं बोलणार. मग जाता जाता, आईकडे न पाहता, ती म्हणाली की आज पहिल्यांदा कुणीतरी मला उरायच्या आत मागून घेतलं, आणि तू त्या बाईला सगळ्यांसमोर चपराक दिलीस.

त्या बोलण्यानं हेझलच्या काळजात जी कळ उठली तिच्यात लाज किती आणि हेवा किती, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. दोन्ही होतं. पोरीला दुखवलं ह्याचं दुःख होतंच. पण जे आपण चोवीस वर्षांत दिलं नाही ते त्या बाईनं एका मिनिटात दिलं, ह्यानं ती आतून करपून गेली.

दुपारी तीनचा दुसरा खेळ तिनं केला. बस दुरुस्त होऊन शाळेची पोरं आली होती, सगळी चिठ्ठ्या घालून टवटवीत. टॅमसिन नि लोरेन सभागृहात नव्हत्या. इंजिन बघायला गेल्या होत्या, हे हेझलला माहीत होतं, तरी तिनं तिसरी रांग चारदा तपासली. शेवटी एक जाड भिंगाच्या चष्म्याची मुलगी उरली, आणि ती खरोखरच हेझलच्या बुटांकडे बघत होती. हेझलनं कागद बघितलाच नाही, तिला तशीच जवळ घेतली. शेवट फार लवकर आटोपलास, नॉर्मन नंतर म्हणाला, कुणाचा रुमालसुद्धा निघाला नाही. हेझल म्हणाली, तुझं बक्कल दिसतंय.

मग तिनं मनाशी पक्कं केलं. आता शहाण्यासारखं वागायचं. पोरगी कुणाबरोबर घरी जाते, हे तिचं तिनं ठरवावं. सकाळी ती हेझलच्या गाडीतून आली होती, पण लोरेनचीही गाडी होती. आपण एक अक्षर बोलायचं नाही. ती आपल्याकडे आली तर बरं, नाही आली तर हसून हात हलवायचा. हा मोठेपणा तिला इतका भावला की गाडीतळापर्यंत चालत जाताना तिचं तिलाच कौतुक वाटत होतं.

साडेपाचला त्या दोघी आल्या. लोरेनचे डोळे अजून सुजलेले होते. हेझल आपल्या गाडीच्या दाराशी उभी राहिली, टोपी हातात, आणि लोरेनकडे पाहून म्हणाली की मी जे बोलले ते फार वाईट होतं. लोरेननं मान हलवली. ठीक आहे म्हणाली नाही, हेही हेझलच्या लक्षात आलं. मग लोरेन टॅमसिनकडे वळली आणि घाबरत घाबरत म्हणाली की तुझं घर माझ्या वाटेवरच आहे, तुला हवं असेल तर मी.

"ती माझ्याबरोबर येतेय," हेझल म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या गाडीत सामान भरणारं जोडपं वळून बघायला लागलं. लोरेनचं वाक्य अर्धवटच राहिलं. हेझलला वाटलं, मेले, आता ही पोरगी कायमची गेली. पण आता तोंड उघडलंच होतं. ती पुढं म्हणाली, "मला ती हवीय. आत्ता. तिला विचारायच्या आधीच सांगते. वाईट दिसतंय, माहीत आहे मला."

टॅमसिन आईकडे बघत राहिली. मग तिचा हात तोंडावर गेला. हसत होती की रडत होती, हेझलला कळलं नाही. तिनं लोरेनला मिठी मारली, कानात काहीतरी बोलली, बराच वेळ. मग चालत आली नि हेझलच्या गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली.

लोरेन एकटीच उभी होती. तिचा उतरलेला चेहरा पाहून हेझलला आनंद झाला. त्या आनंदाची लाजही वाटली, पण आनंद काकणभर जास्तच होता. खोटं कशाला सांगायचं?

गाडी माळरानावर आली. मेंढ्या रस्त्यात आल्या, हेझलनं गाडी थांबवली, मेंढ्या गेल्या. मग टॅमसिन म्हणाली की पुढच्या रविवारी लोरेननं जेवायला बोलावलंय, दोघींना, आणि तू तिची नीट माफी मागणार आहेस, टोपी हातात घेऊन नाटकातल्यासारखी नाही.

"मागेन," हेझल म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर तिच्यानं राहवलं नाही. "आणि तिथं तिनं पुन्हा हात वर केला तर?"

टॅमसिननं सीट मागं ढकलली आणि डोळे मिटले.

"तर तू तिच्या आधी कर."